हात परत मिळविण्याची मेहनत



पक्षाघात हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे, आणि तेल चोळणे, शेक देणे हे उपाय घराघरांत चालत आले आहेत. परंतु निकामी झालेले अवयव पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र आपल्याकडे संस्थांच्या रूपाने आले, ते युद्धामुळे आणि रोगाच्या साथीमुळे.

युद्धाची वाट पुणेकरांच्या परिचयाची आहे. पहिल्या महायुद्धातील जायबंदी शिपायांना हातचे काम शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली. ती पुढे खडकीस आली. १९४४ साली पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. साथीची वाट पोलिओची. लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न समोर उभा असताना, १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली.

मग पक्षाघाताच्या रोग्याचे काय? चांगल्या अंगावर भागवून न्यावे, अशीच पुष्कळ काळ रीत होती. लंडनमध्ये बर्टा बोबाथ या बाईंनी १९४३ च्या सुमारास दुबळ्या अंगालाच कामाला लावण्याचा आग्रह धरला. त्यांच्या पद्धतीतील काही गोष्टी पुढे मागे पडल्या. तो आग्रह मात्र टिकला. कारण असे, की या आजारात हात स्वतः बिघडत नाही. त्याला हुकूम देणारा मेंदूचा भाग रक्ताविना मरतो किंवा रक्तस्रावाने दबतो. तेच काम शेकडो वेळा करविले, तर मेंदूचे उरलेले भाग ते काम थोडेफार उचलतात. पहिल्या काही महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही ती अगदी थांबत नाही.

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. रात्रपाळीहून घरी आला आणि सकाळी उजवी बाजू गेलेली. जीव वाचला. घरच्यांनी मायेपोटी तीन महिने त्याला अंथरुणातून हलू दिले नाही. कोणी उठविताना त्याच लुळ्या हाताला धरून ओढी, त्याने खांदाही दुखावला. शेवटी उपचार सुरू झाले, तो काठीने चालू लागला. हाताची मूठ मात्र उघडली नाही. तो मला म्हणाला, "साहेब, आठ तास यंत्रावर उभा राहिलो, पेला उचलण्यात जास्त घाम निघतो." तेव्हा मला उमगले की बरे होणे हीसुद्धा मेहनत आहे. आणि मेहनतीच्या काळात चूल कशी पेटावी, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. तो आपला आहे.

कायद्याचा इतिहास येथेच पाहावा. यंत्रात बोट तुटले, तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात त्याची टक्केवारी ठरलेली होती. घरी बिछान्यात हात गेला, तर त्याला किंमत नव्हती. १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला आणि योजेनेचा आरंभ झाला १९५२ सालीच, म्हणजे के.ई.एम.ची शाळा निघाली त्याच वर्षी! या योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायू आला, आणि अशा रोग्याला सुमारे दोन वर्षेपर्यंत वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळण्याची सोय झाली. परंतु त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते. ठेकेदार ज्याची नोकरी मधूनमधून तोडतो, त्याने काय करावे?

श्रोतेहो, शिपायासाठी सरकारने संस्था काढल्या, मुलांसाठी शाळा निघाली. ते योग्यच झाले. आता आपल्या शेजारी कोणी एका अंगाने लुळा पडला, तर तोंड वाकडे होताच, हात गळताच, बोलणे अडखळताच त्याला तासाभरातही न थांबता रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी सांगताच व्यायाम सुरू करवा. आणि त्याचे नाव विम्याच्या दप्तरी आहे की नाही, हे मात्र आजच, तो धडधाकट असतानाच विचारा.