सनद कोणी काढून घ्यावी?

वकिलाची सनद गेली म्हणजे काय होते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दारावरची पाटी उतरते, अशील दुसरीकडे जातात, आणि पन्नाशीच्या माणसाने नवा धंदा शिकायचा म्हटले तर तो शिकवणार कोण? अपराध केला असेल तर सनद जायलाच हवी, यात वाद नाही. वाद आहे तो असा, की ती काढून घ्यायची कोणी? व्यवसायातल्याच ज्येष्ठांनी, की न्यायाधीशाने? आयर्लंड या लहानशा देशात १९५८ साली हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याची ही हकीकत.

सॉलिसिटर हा शब्द जुन्या मुंबईकराला परका नाही. अशिलाचे ऐकून घ्यायचे, कागद तयार करायचे ते सॉलिसिटरने आणि हायकोर्टात उभे राहून बोलायचे ते बॅरिस्टरने, अशी वाटणी हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला कितीतरी वर्षे होती. १९७६ च्या कायदादुरुस्तीने ती संपली. आयर्लंडात मात्र सॉलिसिटर हा आजही वेगळा व्यवसाय आहे. घराची खरेदी, मृत्युपत्र, वारसाचे दावे हे सगळे त्याच्याकडे. अशिलाचा पैसाही पुष्कळदा त्याच्याच हातातून जातो. म्हणजे असं पाहा, गावातल्या म्हातारीने घर विकले, तर त्याची रक्कम तिच्या हाती पडण्यापूर्वी सॉलिसिटरच्या खात्यात येते. तिथे हात चलाख निघाला तर म्हातारी बुडालीच.

म्हणून या व्यवसायावर लक्ष ठेवणारी संस्था हवी, आणि ती होतीही. डब्लिनच्या लॉ सोसायटीला १८५२ साली राजसनद मिळाली. १८९८ च्या कायद्याने सॉलिसिटरविरुद्धच्या तक्रारींची चौकशी समितीकडे आली. पण सॉलिसिटरांच्या पटावरून नाव खोडण्याचा शेवटचा अधिकार न्यायासनाकडेच राहिला. इंग्लंडने मात्र १९१९ साली तो अधिकारही समितीलाच देऊन टाकला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९५४ साली तिथे नवा सॉलिसिटर कायदा झाला. फसलेल्या अशिलांना भरपाई मिळावी म्हणून त्याने एक निधी उभा केला. हे फार चांगले झाले. त्याचबरोबर त्याने इंग्लंडचा कित्ता गिरवला. चौकशीही समितीची आणि नाव खोडणेही समितीचेच. अपील करायचे असल्यास सरन्यायाधीशांकडे करावे.

आपण म्हणाल, यात चुकले काय? वैद्याची चूक वैद्यालाच कळते, तशी सॉलिसिटरची लबाडी सॉलिसिटरलाच आधी कळणार. शिवाय वरती अपील आहेच. म्हणणे रास्त आहे. पण समितीने दोन सॉलिसिटरांची नावे खोडली, आणि त्यांनी जो मुद्दा काढला तो त्यांच्या निरपराधीपणाचा नव्हता, राज्यघटनेचा होता. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेचे ३४ वे कलम सांगते, की न्यायदान न्यायालयात न्यायाधीशांनीच करावे. ३७ वे कलम थोडी मोकळीक देते. फौजदारी बाबी सोडून, मर्यादित स्वरूपाचे न्यायिक अधिकार इतरांना देता येतात. तेव्हा प्रश्न उरला एवढाच, की माणसाची सनद काढून घेणे ही ‘मर्यादित’ गोष्ट आहे काय?

न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती किंग्जमिल मूर यांनी दिला. हे गृहस्थ मासे गळाला लावण्याचे मोठे शौकीन. त्यावर त्यांनी १९६० साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा. सॉलिसिटर हा न्यायालयाचा अधिकारी आहे. त्याचे नाव पटावरून खोडणे हे परंपरेने न्यायाधीशांचेच काम होते. या शिक्षेचे परिणाम कधीकधी तुरुंगवासाहूनही कठोर असतात. तेव्हा हा अधिकार मर्यादित म्हणता येणार नाही. ते न्यायदानच आहे. आणि अपिलाची सोय आहे म्हणून मूळची चूक भरून निघत नाही, कारण अपील केलेच नाही तर समितीचाच शब्द अखेरचा ठरतो. कायद्याचा तो भाग घटनाबाह्य ठरला.

मग १९६० साली दुरुस्तीचा कायदा झाला. समितीने चौकशी करून अहवाल द्यावा आणि निर्णय हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांनी घ्यावा. १९७८ च्या कायद्याने डॉक्टरांनाही हेच संरक्षण मिळाले. नाव काढायचे तर त्यावर हायकोर्टाची मान्यता हवी.

आता आपल्या घरात डोकावू या. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेवरूनच घेतली. वकिलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट चाललो. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्यात चौकशी वकिलांच्या समितीकडे आणि निर्णय हायकोर्टाकडे होता. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने तो निर्णय बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे गेला. अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि त्यानंतर सुप्रीम कोर्टाकडे. म्हणजे एका देशाने १९६० साली जो अधिकार न्यायाधीशाला परत दिला, तोच दुसऱ्याने पुढच्याच वर्षी त्याच्याकडून काढून घेतला!

यात शहाणे कोण ठरले? घाईने उत्तर देऊ नये. आपण हे केले ते व्यवसायाला स्वायत्तता मिळावी म्हणून, आणि त्या स्वायत्ततेचेही मोल आहेच. आयर्लंडनेही आपला विचार तसाच गोठवून ठेवला नाही. २०१५ च्या कायद्याने तक्रारींचे काम लॉ सोसायटीकडून स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले, आणि २०१९ पासून तक्रारी तिथे जाऊ लागल्या. २०२१ साली कामगारांच्या तंट्यांवरील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३७ व्या कलमाचा अर्थ पूर्वीपेक्षा सैल केला. पण सॉलिसिटरचे नाव खोडायचे असेल तर आजही शिफारस शिस्तपालन न्यायाधिकरणाची आणि हुकूम हायकोर्टाचा, ही रीत कायम आहे.

त्या दोघा सॉलिसिटरांनी काय केले होते, हे आज फारसे कोणी विचारत नाही. पण तक्रार ऐकणारा एक आणि माणसाची भाकर काढून घेणारा दुसरा असावा, हा नियम त्यांच्या खटल्यातून पक्का झाला. आपली म्हातारी आणि तिचा सॉलिसिटर, दोघांनाही तो उपयोगी आहे. तिची तक्रार जाणत्यांनी तपासावी, आणि त्याची शिक्षा न्यायाधीशाने ठरवावी.