नगराचा आराखडा व लोकांची हरकत

गांव अगोदर कीं नकाशा अगोदर, असा प्रश्न कोणीं विचारल्यास बहुतेक लोक तो पोरकट म्हणून सोडून देतील. गांव अगोदर वसतें आणि त्याचा नकाशा मागाहून निघतो, हें उघडच आहे. परंतु गेल्या सवाशें वर्षांत ह्या क्रमाची आपल्याकडे उलटापालट झाली आहे. अमक्या जागीं शाळा व्हावयाची, तमक्या जागेंतून रस्ता जावयाचा, येथें बाग राहावयाची आणि तेथें इमारत उठावयाची, हें आज अगोदर कागदावर ठरतें व मग जमिनीवर उतरतें. ह्या कागदास विकास आराखडा म्हणतात. तो काढणारे हात थोडे आणि त्याच्या रेघांखालीं राहणारे लोक फार. ह्या लोकांस विचारावें कीं नाहीं, विचारावयाचें तर केव्हां व कोणत्या रीतीनें, ह्या प्रश्नाचा आपल्या प्रांतांतील इतिहास थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लोकांस विचारण्याची रीत आपण विलायतेकडून उचलली, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मराठी राज्यांत शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे गोतसभा बसत असे. तींत पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि शेजारच्या गांवांचे वतनदार हजर राहत. जुन्या माणसांच्या साक्षी होत. निर्णयाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटलाच्या नांगरापासून ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी उमटे. नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकार शेट्यास कौल देई, आणि अमुक वर्षें करांची माफी, अमुक हक्क, अशा अटी त्यांत घातलेल्या असत. म्हणजे वसविणारा व वसणारा यांच्यांत एक प्रकारचा करारच होई. गोमंतकांतील गांवकारीची संस्था तर याहून पुरातन. पोर्तुगीजांनीं १५२६ सालीं तिच्या चालीरीती लिहून काढल्या, त्या वेळींहि ती जुनीच होती. शेतें, खाजणें, बांध यांचा बंदोबस्त गांवकार एकत्र बसून करीत. मात्र ह्या संस्थांचे गोडवे गातांना एक गोष्ट दृष्टीआड करतां कामा नये. त्यांत आवाज होता तो वतनाचा. उपरी, कूळ, मुंडकार आणि स्त्रिया यांस निर्णयांत सहसा वांटा नसे. सभा होती, पण ती हक्कदारांची होती. आणि हा दोष पुढें नव्या कायद्यांतहि वेष पालटून आलेला आपणांस दिसेल.

नव्या पद्धतीचा आरंभ रोगापासून झाला. सन १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकटला आणि शहर ओस पडूं लागलें. दाट वस्ती हेंच रोगाचें मूळ, असें सरकारच्या मनानें घेतलें व १८९८ सालीं मुंबईच्या सुधारणेसाठीं एक स्वतंत्र ट्रस्ट कायद्यानें स्थापन झाला. नागपाड्याची जुनी वस्ती हटविणें, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढणें, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आंखणें, हीं त्याचीं ठळक कामें. ह्या कामांचा उपयोग नाकारतां येणार नाहीं. आजची मुंबई त्या रस्त्यांवरूनच चालते. परंतु घर पडलें तर घरवाल्यास भरपाई मिळे, आणि त्या घरांत भाड्यानें राहणारा गिरणीचा मजूर शेजारच्या गल्लींत जाऊन तेथील दाटी वाढवी. खोल्या पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता. मजुरास कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारावें असें त्या काळीं फारसें कोणास वाटलेंहि नाहीं. पुढें १९३३ सालीं हा ट्रस्ट मुंबईच्या म्युनिसिपालिटींत विलीन झाला.

दुसरी पायरी १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याची. हिंदुस्थानांत ह्या प्रकारचा हा पहिलाच कायदा होय. त्यांतील युक्ति चतुर होती. शहराच्या कडेच्या वेड्यावांकड्या शेतजमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन नीटस तुकडे पाडून ज्याची त्यास परत द्यावयाची. मालकाची जमीन घटे, पण तिची किंमत वाढे. ह्या वाढीचा कांहीं भाग योजनेच्या खर्चाकडे वळविला जाई. मसुदा प्रसिद्ध करणें, त्यावर हरकती मागविणें आणि लवादानें प्रत्येक मालकाचें म्हणणें ऐकणें, हें सारें त्यांत होतें. आपल्याकडील नगररचनेंत ‘हरकत’ हा शब्द येथें पक्का रुजला. परंतु ही हरकत कोणाची? ज्याचा तुकडा त्याची. तुकडा नसलेल्याला हरकतहि नाहीं, असाच व्यवहार पडला.

नेमक्या ह्याच सुमारास एक निराळ्या वृत्तीचा माणूस ह्या देशांत आला. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढें नगरांचे अभ्यासक. त्यांच्या नगरप्रदर्शनाचें सामान घेऊन येणारें जहाज १९१४ सालीं एम्डेन ह्या जर्मन लढाऊ जहाजानें बुडविलें, तरी नवे नकाशे व चित्रें जमवून त्यांनीं १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरविलेंच. मुंबई इलाख्यांतील कांहीं शहरें त्यांनीं पायीं हिंडून पाहिलीं व त्यांवर अहवाल लिहिले. पुढें १९१९ पासून कांहीं वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचा मुख्य सिद्धांत असा कीं, उपचारापूर्वीं निदान पाहिजे. जुनी वस्ती सरसकट पाडूं नये. एखादें पडकें घर काढून चौक मोकळा करावा, विहीर दुरुस्त करावी, झाड राखावें, म्हणजे थोड्या खर्चांत व थोड्या अश्रूंत काम होतें.

गेडीस यांनीं इंदुरास जें केलें तें ह्या इतिहासांत विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. होळकरांच्या ह्या राजधानींत १९१७ सालीं प्लेगाचें भय होतें, आणि गोरा साहेब नकाशा घेऊन हिंडतो म्हणजे घरें पडणार, असा लोकांचा संशय होता. गेडीस यांनीं दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक योजिली व जाहीर केलें कीं, तिचा मार्ग ठरलेला नाहीं. ज्या भागांतील लोक आपलीं घरें व रस्ते अधिक स्वच्छ करतील, त्या भागांतून ती जाईल. चुरस लागली, लोकांनीं आपण होऊन घाण उपसली, भिंती रंगविल्या. मिरवणुकींत घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर यांचीं सोंगें होतीं, शेवटीं त्यांचें दहन झालें, आणि झाडूवाल्यांस शुभ्र वेष देऊन मानानें चालविण्यांत आलें. कोणी ह्यास नाटक म्हणेल. आम्हांस त्यांत एक मोठें तत्त्व दिसतें. येथें लोकांस ‘तुमची हरकत काय’ असें विचारलें नाहीं. ‘तुम्ही काय करणार’ असें विचारलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं इंदुरासंबंधीं दोन खंडांचा अहवाल सादर केला. अहवाल ग्रंथालयांत राहिला. ही रीत मात्र कायद्यांत शिरली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा विस्तार झाला. १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्यानें कडेच्या जमिनींपुरती दृष्टि न ठेवतां सबंध शहराचा आराखडा करणें स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. तोच कांहीं दुरुस्त्यांसह आज चालू आहे. त्याचा क्रम असा: प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर व्हावयाचा, मग जमिनीच्या चालू वापराची पाहणी, मग प्रारूप प्रसिद्ध करून ठराविक मुदतींत हरकती व सूचना मागवावयाच्या, स्थायी समितीचे तीन सभासद व बाहेरचे चारपर्यंत जाणकार यांच्या समितीनें त्या ऐकावयाच्या, आणि शेवटीं राज्य सरकारनें मंजुरी द्यावयाची. येथें एक मोलाचा फरक पडला. हरकत घेण्यास आतां जमीन असावी लागत नाहीं. कोणाहि नागरिकास ती घेतां येते. गोतसभेनें व १९१५ च्या कायद्यानें जें दार लोटून घेतलें होतें, तें ह्या कायद्यानें निदान कागदोपत्रीं उघडलें.

परंतु दार उघडलें तें कोणत्या वेळीं? प्रारूप तयार झाल्यावर. आराखड्याचे कागद रंगले, आंकडे बसले, करणाऱ्यांचा त्यावर जीव जडला, म्हणजे मग लोकांस बोलावितात. घर बांधून झाल्यावर चूल कोठें असावी हें गृहिणीस विचारण्यासारखाच हा प्रकार होय. इंग्लंडांतहि हा दोष जाणवला होता. तेथें १९६९ सालीं स्केफिंग्टन यांच्या समितीनें असें मत दिलें कीं, लोकांस योजनेच्या घडणींत प्रथमपासून सामील करावें. आपल्याकडे हें तत्त्व नियमानें नव्हे, तर भांडणानें शिकावें लागलें. त्या भांडणांपैकीं दोन सांगण्यासारखीं आहेत.

पहिलें गोमंतकांतलें. तेथें सन २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा ऑगस्ट २००६ मध्यें अधिसूचित झाला. डोंगरउतार, बागायती आणि शेतें वस्तीच्या रंगांत रंगविलीं गेलीं आहेत, असें लोकांच्या ध्यानांत आलें. गांवोगांव नकाशे पसरून लोक आपला सर्व्हे नंबर शोधूं लागले. गोवा बचाव अभियान उभें राहिलें, डिसेंबरांत पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली, आणि २००७ च्या आरंभीं सरकारनें तो आराखडा मागें घेतला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा प्रमुख सहभाग असलेल्या कृतिदलानें २०२१ पर्यंतचा नवा आराखडा हातीं घेतला. ह्या वेळीं नकाशे गांवनिहाय काढून पंचायतींकडे धाडले गेले व गांवकऱ्यांच्या सूचना मागविल्या गेल्या. आमच्या मतें हा प्रयोग फार महत्त्वाचा होता. कारण कोणत्या झऱ्याचें पाणी कोणत्या शेतांत उतरतें, हें राजधानींतल्या कचेरीपेक्षां गांव अधिक जाणतो. तथापि शेवट समाधानाचा नाहीं. सरकार बदललें तसा २०१२ सालीं हा आराखडा बाजूस ठेवला गेला. आणि २०२३ सालीं नजरचूक दुरुस्त करण्याच्या नांवाखालीं एकेका जमिनीचा वापर बदलूं देणारें कलम कायद्यांत आलें. त्याखालील नियम मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें रद्द ठरविले. ज्या आराखड्यावर शेंकडों गांवकऱ्यांनीं बसून विचार केला, तो एकेका अर्जानें पोखरला जावा, ह्यापरता विपर्यास कोणता?

दुसरें उदाहरण मुंबईचें. सन २०१४ ते २०३४ च्या आराखड्याचें प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं चालू वापराचे नकाशे लोकांपुढें ठेवले होते व कांहीं बैठकीहि झाल्या होत्या. तरी प्रारूप पाहतांच गहजब उडाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंच्या खुणा चुकलेल्या, आरे वसाहतीच्या हिरव्या भूमीवर बांधकामाची छाया. कोळीवाडे व गांवठाणें यांच्या सीमा नीट दाखविल्या नाहींत, अशी मूळ रहिवाशांची तक्रार होती. हरकतींचा पाऊस पडला, आणि एप्रिल महिन्यांत मुख्यमंत्र्यांनीं तें प्रारूप रद्द करून सुधारून आणण्याची आज्ञा केली. सुधारलेलें प्रारूप मे २०१६ मध्यें आलें, त्यावरहि ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, आणि अखेर २०१८ सालीं त्यास मंजुरी मिळाली.

ह्यावर अनुभवी अधिकारी म्हणतील कीं, सर्वांस विचारीत बसल्यास आराखडा कधींच पुरा होणार नाहीं. शिवाय हरकत घेण्यास धांवतो तो ज्याची जमीन बागेसाठीं वा शाळेसाठीं राखली गेली असा मालक. त्या बागेंत जें मूल खेळणार, त्याची हरकत कोठें येते? ह्या आक्षेपांत तथ्य आहे आणि तो टाळून जाणें बरें नव्हे. ऐंशी हजार कागदांची मोजदाद म्हणजे लोकमत नव्हे. ज्यास नकाशा वाचतां येतो, वकील करतां येतो, सुनावणीस दिवस मोडतां येतो, त्याचा आवाज कागदावर मोठा उमटतो. फेरीवाला, झोपडींत राहणारी मोलकरीण, पागोळीखालीं जाळें विणणारी कोळीण यांचा उमटत नाहीं. वतनदाराची जागा आतां साक्षर भूधारकानें घेतली, एवढाच फरक पडावा, अशी भीति खरी आहे.

परंतु ह्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. विचारणें कमी करावें असें त्यांतून ठरत नाहीं. अधिक लवकर, अधिक सोप्या भाषेंत आणि लोकांच्या दारीं जाऊन विचारावें, असें ठरतें. पाहणी चालू असतांनाच प्रभागाप्रभागांत लोकांकडून जागा दाखवून घ्याव्या. नकाशा मराठींत असावा आणि त्यांत ओळखीचीं नांवें असावीं. कोणती सूचना घेतली व कोणती कां नाकारली, हें कारणांसह प्रसिद्ध व्हावें. मंजुरीनंतर एकेक फेरफार होतो तेव्हांहि सार्वजनिक नोटीस निघते, पण तिजकडे पाहावयास कोणी उरलेला नसतो; तेथेंच खरी राखण पाहिजे.

विलंबाचें भय दाखविणाऱ्यांनीं मुंबईचाच हिशेब पाहावा. न पटणारें प्रारूप मागें घेऊन पुन्हां आंखण्यांत व मंजूर करून घेण्यांत तीन वर्षें गेलीं. अगोदर ऐकण्यास एवढा वेळ खात्रीनें लागला नसता. जुन्या महजरावर नांगराची निशाणी उठविणाऱ्या पाटलास अक्षर येत नसेल. पण कोणत्या शिवेवर आपण निशाणी करीत आहों, हें तो ती शीव पायीं चालून जाणत असे. आजच्या आराखड्यावर सही करणाराहि ती जमीन तेथील माणसांसह हिंडून आलेला असावा, एवढीच आमची मागणी आहे.