टर्बो मध्येच का रुसतो?

१९०५ साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याचे पेटंट नोंदवले. विक्रीच्या डिझेल मोटारीत ही युक्ती १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या ३०० एसडीने आणली.

१९९०च्या दशकात, कमी वेगातही जोर मिळावा म्हणून टर्बाइनभोवती हलती पाती आली. खोड तिथेच शिरली. काजळीने पाती अडकली की दाब मर्यादा ओलांडतो आणि गाडीतील संगणक इंजिनाचे बळ रोखतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की बहुधा सारे पूर्ववत! त्यामुळे मेकॅनिक फसतो. कित्येकदा धडधाकट टर्बोच बदलला जातो, भुर्दंड कुटुंबाला. वास्तविक आधी तडकलेली व्हॅक्यूम नळी आणि पात्यांचा दांडा तपासावा. मग चढावर, भरल्या गाडीत, संगणकाने मागितलेला व प्रत्यक्ष मिळालेला दाब ताडून पाहावा.