काटे न फिरवण्याचे तीन हिवाळे

इ. स. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यातील २७ तारखेला, रविवारी, ब्रिटनमधील घड्याळांना कोणी हात लावला नाही. एरवी उन्हाळा सरला की काटे एक तास मागे घेऊन ते ग्रीनिचच्या वेळेशी जुळवून घेण्याचा तेथे प्रघात होता. त्या वर्षी मात्र ते पुढेच राहू दिले गेले. वर्षातून दोनदा काटे फिरवण्याची अर्धशतकाची रीत थांबवून बाराही महिने एकच वेळ पाळून पाहावी, असा हा प्रयोग होता व त्याची मुदत तीन वर्षांची होती.

आपल्याकडील माणसास हा सारा खटाटोप पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. मुंबईस सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अंतर पडते ते जेमतेम सव्वादोन तासांचे. लंडनमध्ये तेच अंतर पावणेनऊ तासांच्या आसपास जाते. हिंदुस्थानची घड्याळे दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत एक तास पुढे होती खरी. पण ती युद्धकाळाची तजवीज होती, ऋतूची नव्हे. उत्तरेकडील देशांत मात्र उन्हाळ्यात पहाटे चारलाच उजाडते आणि लोक झोपलेले असताना तो उजेड वाया जातो. विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाला हीच गोष्ट सलत होती. १९०७ साली त्याने पुस्तिका काढून सुचविले, की एप्रिलच्या चार रविवारी वीस वीस मिनिटे घड्याळ पुढे करावे. पार्लमेंटने त्याला दाद दिली नाही व १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, कोळसा वाचावा म्हणून जर्मनीने काटे पुढे केले, आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही शत्रूचा कित्ता गिरवला. विलेटच्या स्मारकाचे छायायंत्र पेट्स वुड येथील वनात उभे आहे. ते बिचारे बारमाही उन्हाळी वेळच दाखवते.

१९६८ च्या प्रयोगामागे दोन कारणे होती. पश्चिम युरोपशी व्यापार व दूरध्वनीचे व्यवहार एकाच वेळेवर व्हावेत, हे एक. आणि हिवाळ्यात लोक कामावरून घरी परततात तेव्हा थोडा तरी उजेड असावा, हे दुसरे. परंतु संध्याकाळी दिलेला तास सकाळच्या पदरातून काढूनच द्यावा लागतो. डिसेंबरात लंडनला सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवू लागला, आणि स्कॉटलंडच्या उत्तर भागात दहाच्या सुमारास. दूधवाले, टपालवाले, गवंडी आणि शेतकरी यांचा अर्धा प्रहर काळोखात जाऊ लागला. शाळकरी मुलांच्या बाह्यांवर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या बांधण्यात आल्या.

येथेच प्रयोगाचे मर्म आहे. सकाळचे अपघात वाढले, आणि संध्याकाळचे त्याहून पुष्कळ अधिक घटले. पहिल्या दोन हिवाळ्यांत रस्त्यावर मृत्यू पावलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्यांची संख्या एकंदरीत सुमारे अडीच हजारांनी कमी भरली, असा हिशेब पुढे मांडण्यात आला. अर्थात १९६७ मध्येच मद्यपी चालकांविरुद्ध नवा कायदा लागू झाला होता. तेव्हा त्यातील श्रेय कोणाचे किती, हा वाद राहिलाच. पण हिशेबाने मने वळत नाहीत. सकाळच्या अंधारात मोटारीखाली सापडलेल्या मुलाचे नाव साऱ्या गावाला ठाऊक होते. संध्याकाळी उजेड होता म्हणून जे मूल सुखरूप घरी पोचले, त्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही. त्याच्या आईलाही नाही.

सरकारी आढाव्याने ठाम निष्कर्ष काढण्याचे टाळले. २ डिसेंबर १९७० रोजी कॉमन्स सभेत, सभासदांना पक्षादेशातून मोकळे ठेवून, मतदान झाले. प्रयोग बंद करण्याच्या बाजूने ३६६ मते पडली, विरुद्ध अवघी ८१. ऑक्टोबर १९७१ अखेर काटे पुन्हा मागे गेले.

हा अनुभव ताजा असतानाच अमेरिकेने तीच वाट धरली. तेलटंचाईमुळे ६ जानेवारी १९७४ पासून तेथे बारमाही उन्हाळी वेळ लागू झाली. डिसेंबरात लोकांपैकी ७९ टक्के अनुकूल होते, फेब्रुवारीत ४२ टक्केच उरले. फ्लोरिडात पहाटेच्या काळोखात शाळेस निघालेली मुले वाहनांखाली सापडली, आणि राज्यपालांनी कायदा मागे घेण्याची मागणी केली. दोन वर्षांचा बेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुंडाळला गेला.

रशियाने २०११ मध्ये काटे उन्हाळी वेळेवर रोखले. सकाळच्या अंधाराची कुरकुर तीन वर्षे ऐकल्यावर, २०१४ च्या ऑक्टोबरात ते एक तास मागे घेऊन तेथेच कायम केले. तेथे फिरवाफिरव खरोखरच थांबली. मात्र संध्याकाळचा तास सोडून देऊन.

युरोपियन पार्लमेंटने २६ मार्च २०१९ रोजी ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरविले, की २०२१ पासून काटे फिरवणे बंद करावे आणि कोणती वेळ कायम ठेवायची ते प्रत्येक राष्ट्राने पाहावे. फिरवण्याचा कंटाळा सर्वांनाच होता. पण उन्हाळी वेळ की हिवाळी, या दुसऱ्या प्रश्नावर राष्ट्राराष्ट्रांचे जुळेना, आणि २०२१ साल तसेच निघून गेले.