पायाची वज्री आणि तोंडाचा लेप

नेवाशाचं नाव काढलं की आपल्याला पैसचा खांब आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच नेवाशात प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. तिथे मणी, नाणी, खापरं यांच्या जोडीला अंग घासायच्या भाजक्या मातीच्या घासण्याही सापडल्या. म्हणजे आपली वज्रीच की! इतिहास शिकवताना मी हे सांगितलं की मुलं हसायची. राजांच्या लढायांपेक्षा त्यांना हेच लक्षात राहायचं.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं ठिकाण म्हणजे डोमेग्राम, आजचं श्रीरामपूर तालुक्यातलं कमालपूर. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी तिथे राहिले होते. लीळाचरित्रात 'मर्दना' आणि 'मादणे' हे शब्द वारंवार भेटतात. मर्दना म्हणजे अंग चोळणं, मादणे म्हणजे स्नान. दिवाळीच्या पहाटे आपण तेल-उटणं लावून करतो तेच.

पण तोंडाचं काय? आमची आई म्हणायची, "पायाला वज्री, अंगाला उटणं, तोंडाला नुसता हात." मसुराच्या डाळीचं पीठ दुधात कालवून ती चेहऱ्याला लावायला द्यायची, पण घासू द्यायची नाही. ती काही संस्कृत शिकलेली नव्हती. तरी वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याच विचाराच्या जवळचं सापडतं. सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात त्याने मुखलेपाचे नियम दिलेत. लेपाची जाडी पाव, एक तृतीयांश किंवा अर्धा अंगुळ. लेप ओला असेपर्यंतच ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना आधी भिजवायचा आणि नंतर तेल लावायचं. लेप असताना दिवसा झोपायचं नाही, फार बोलायचं नाही, रागवायचं नाही. (हे शेवटचं आमच्या घरात कुणालाच जमलं नसतं!) आज मात्र मुली मुलतानी मातीचा लेप तडकेपर्यंत बसून राहतात आणि मग खरवडून काढतात.

पुढे साबण आला. कुलपं करणाऱ्या अर्देशर गोदरेजांनी १९१८च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीशिवाय केलेला साबण काढला, त्याचं नावही 'चावी'! सोयीचा खरा, पण साबण अल्कधर्मी आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे वरचेवर लावला की चेहरा ओढल्यासारखा होतो. आणि १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. माझ्या मते घोटाळा वाढला तो इथे. तोंड स्वच्छ करणं आणि तोंड गोरं करणं या दोन गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला, पण कांदेपोह्यांच्या बैठकीतला काही गेला नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या नाकावर काळे ठिपके होते. पाहुणे यायचे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तिने लिंबू आणि खायचा सोडा चोळला. दोन्ही गालांची सालं निघाली. ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, फक्त "बाई, मळ निघतच नाही" एवढंच म्हणत होती. तो मळ नव्हताच हो! रंध्रात साचलेला तेलकट पदार्थ आणि मेलेल्या पेशी यांचा खडा होतो. त्याचं तोंड उघडं राहिलं की हवा लागून तो काळा दिसतो. घासून तो जात नाही. तिच्या गालांवरचे डाग जायला कित्येक महिने गेले.

तेव्हा घरच्या लेकी-सुनांसाठी लिहून ठेवते. रंध्रांना दारं नसतात. वाफेने ती उघडत नाहीत आणि गार पाण्याने मिटत नाहीत. वाफेने वरचं तेल थोडं सैल होतं, इतकंच, आणि तीही पातेल्यावर वाकून घेतली तर चटका बसायची भीती. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश पुरतो. ठिपके फारच असतील तर सॅलिसिलिक आम्लाचं औषध तेलात विरघळत रंध्रात उतरतं, पण ते थोड्या प्रमाणात आणि हळूहळू. पार्लरमध्ये नखांनी दाबून काढून घेऊ नका, खड्डे राहतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यासाठी निर्जंतुक केलेलं बारीक, कडीसारख्या टोकाचं हत्यार असतं, ते दोन मिनिटांत काढतात. आणि वज्री न्हाणीघरात पायांसाठीच ठेवा.