जेवणघराचे पडदे
गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की जेवणघरातील मखमली पडद्यांना बुरशी लवकर धरते. तळलेल्या मासळीचा वासही त्यांत मुरतो. म्हणून वरचेवर धुता येणारे पातळ सुती कापडच येथे सोयीचे. पडद्याची रुंदी खिडकीच्या सुमारे दुप्पट धरावी, तरच चुण्या नीट पडतात. कापड शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात पडदा आखडतो. जुन्या घरांतील खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असतील, तर ती उजेड गाळूनच आत सोडतात. त्यांवर जाड पडदा ओढणे हा निव्वळ करंटेपणा होय. खुर्च्यांच्या गाद्यांना काढता येणाऱ्या खोळी असाव्यात. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, तेलाचा मात्र साबणाशिवाय जात नाही.