यकृतासाठी पेप्टाइडची इंजेक्शने : घ्यावीत का?

थोडक्यात उत्तर : नाही. ‘लिव्हाजेन’, ‘व्हिलॉन’ यांवरचे काम मुख्यतः प्रयोगशाळेतले आहे. भारतात औषध म्हणून त्यांना मान्यता नाही.

पेप्टाइड म्हणजे काय?
अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिनमध्ये अशी ५१ अमिनो आम्ले असतात. पण ते असंख्य रुग्णांवर पारखलेले औषध आहे. व्हिलॉनमध्ये दोन, तर लिव्हाजेनमध्ये चार अमिनो आम्ले असतात. ही कृत्रिम पेप्टाइडे रशियातील सेंट पीटर्सबर्गचे व्लादिमीर खाविन्सन व सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आली.

प्रयोगांत काय दिसले?
वयानुसार यकृताचा रक्तपुरवठा घटतो. छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि संसर्गाशी लढणाऱ्या नव्या टी-पेशी कमी तयार होतात. वृद्धांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर लिव्हाजेन वापरले, तेव्हा पेशींतील घट्ट गुंडाळलेला डीएनए काहीसा सैल झाला. उंदरांच्या यकृतपेशींत प्रथिननिर्मिती वाढली. पण त्यावरून माणसाचा सिरॉसिस बरा होतो किंवा आजारपण टळते, असे सिद्ध होत नाही.

धोका कुठे आहे?
‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुप्या ऑनलाइन मिळतात. त्यांची शुद्धता, निर्जंतुकता आणि मात्रा यांची खात्री नसते. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांनी प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काहीही परस्पर घेऊ नये. शरीर नवे यकृत नाकारू शकते. सर्वात मोठा धोका म्हणजे चालू उपचार सोडणे. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या अचानक बंद केल्यास आजार उसळून यकृत निकामी होऊ शकते.

सोलापूरकरांनी काय करावे?
हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या मोफत तपासणी व उपचारासाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्याची चौकशी करा. दारू पूर्ण बंद ठेवा. वजन व साखर आटोक्यात ठेवा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल, तर डॉक्टरांना विचारा. असे इंजेक्शन आधीच घेतले असेल, तर न लपवता कुपी डॉक्टरांना दाखवा.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्या. डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगू लागले, तरी तपासणी लांबवू नका.